चूक प्रोसेसरची, आळ दुसऱ्यावर

२०२४ च्या सुरुवातीला जगभरच्या गेम खेळणाऱ्यांना एक विचित्र संदेश दिसू लागला. गेम सुरू व्हायचा, शेडर तयार होत असल्याची पट्टी थोडी पुढे सरकायची आणि मध्येच एक चौकट उघडायची: ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये २४ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०९० बसवलेलं होतं, त्यांनाही हेच उत्तर मिळत होतं. एवढ्या मोठ्या कार्डाची मेमरी गेमचा पहिला पडदा दिसण्याआधीच कशी संपेल? लोकांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, कार्ड बदलून आणलं, विंडोजला फॉरमॅट मारला. गेम होता तिथेच पडत राहिला.

दोष कार्डात नव्हताच. हल्लीचे मोठे गेम डिस्कवर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेले असतात आणि ते उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. अनरियल इंजिनवर बनलेल्या अनेक गेममध्ये हे काम ऊडल नावाच्या लायब्ररीकडे असतं. इंटेलच्या कोअर आय९ १३९००के आणि १४९००के या प्रोसेसरांपैकी काही नग हा माल उलगडताना अधूनमधून चुकत होते. उलगडलेला माल तपासणीत नापास व्हायचा, गेम गोंधळायचा आणि जो संदेश हाताशी असेल तो दाखवून बंद पडायचा. ऊडल बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने सुचवलेला तात्पुरता उपाय अगदी साधा होता. प्रोसेसरच्या मोठ्या कोअरचा गुणक ५५ वरून ५४ किंवा ५३ वर आणायचा. वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरला आणि मेमरी संपल्याची तक्रार करणारे अनेक गेम सुरळीत चालू लागले.

प्रोसेसर त्याच्या वेगाच्या अगदी कडेवर चालवला की असं होतं. बिघाड होतो एकीकडे आणि आळ येतो दुसऱ्यावरच. गेमसाठी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यानंतर, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यानंतर, मशीन बंद पडायला लागलं, तर खरं कारण शोधण्यातली सगळी अडचण हीच असते. समोर आलेल्या संदेशावर विश्वास ठेवणारा माणूस आठवडेच्या आठवडे चुकीच्या दिशेने फिरतो, आणि वाटेत बरीच रक्कमही घालवतो.

ही अडचण जुनी आहे. मायक्रोसॉफ्टमधले प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ साली एक हकिगत लिहिली होती. विंडोजवर प्रोग्राम कोसळला की त्याचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवण्याची सोय असते. अशा अहवालांमध्ये काही अशक्य अपघात सापडले. प्रोग्राम ज्या आज्ञेवर कोसळला होता, ती आज्ञा प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याची होती. या आज्ञेला मेमरी लागत नाही, डिस्क लागत नाही, बाहेरची कुठलीच गोष्ट लागत नाही. ती चुकायला जागाच नाही. तरी मशीन तिथे पडलं होतं. अहवाल पाठवणाऱ्या काही जणांकडे विचारणा केल्यावर कळलं, की यांची मशीन ओव्हरक्लॉक केलेली आहेत. काहींना तर ते ठाऊकच नव्हतं. दुकानातून आणलेलं मशीन मुळातच वाढवलेल्या वेगाचं निघालं होतं. प्रोसेसर स्वस्तातला, वेग वरच्या मॉडेलचा आणि गिऱ्हाईक दोष देणार विंडोजला.

शून्य भरायला सांगितल्यावरही प्रोसेसर चुकतो कसा, हे एकदा समजलं की पुढचा शोध पुष्कळ सोपा होतो.

प्रोसेसरच्या आत एक घड्याळ सतत ठोके देत असतं. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधला वेळ २०० पिकोसेकंदांचा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. तेवढ्यात ट्रान्झिस्टरांच्या एका लांबलचक साखळीने आपापली अवस्था बदलायची असते आणि पुढचा ठोका पडण्याआधी उत्तर जागेवर पोचलेलं असायला लागतं. ढोल-ताशा पथकात ताशाने लय वाढवली की पुढच्या फळीतले वादक लगेच पकडतात, पण मागच्या कोपऱ्यातला एखादा ढोल अर्ध्या ठोक्याने मागे पडतो. प्रोसेसरमध्येही हेच होतं. सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. वेग वाढवत नेला की सगळ्यात लांबची साखळी आधी उशीर करते आणि ठोका पडतो तेव्हा तिच्या टोकाला मागच्याच फेरीचं उत्तर असतं. एकच्या जागी शून्य उचललं जातं. पथकात तो चुकलेला ढोल निदान ऐकू येतो. इथे चुकलेला आकडा मुकाट्याने पुढच्या हिशोबात मिसळतो.

साखळीला घाई करायला लावण्याचा एक मार्ग आहे, व्होल्टेज वाढवणं. ते जास्त मिळालं की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात. मात्र खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्यावर वेगाची वाढ असतेच. समजा ५.१ गिगाहर्ट्झवर १.२० व्होल्टने चालणारा प्रोसेसर ५.५ वर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला सुमारे ८ टक्के, वीज वाढली सुमारे ३६ टक्के. तेवढीच उष्णता एका नखाएवढ्या चिपमधून बाहेर काढायची आहे. आणि तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला बहुधा आणखी व्होल्टेज लागतं. वेग, व्होल्टेज आणि तापमान यांची अशी तिहेरी ओढाताण चालू असते. ओव्हरक्लॉकिंगनंतरचे बहुतेक अपघात या तिघांपैकी कुणीतरी हद्द ओलांडल्यामुळेच होतात.

एके काळी ही हद्द फार लांब होती. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ची कहाणी जुने हौशी अजून सांगतात. प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की गुणक ४.५ असल्यामुळे तो थेट ४५० वर जायचा. दीडपट वेग फुकटात, आणि पुष्कळ नग तो आरामात पेलायचे. २०११ च्या कोअर आय५ २५००के चा टर्बो वेग ३.७ गिगाहर्ट्झ होता आणि बऱ्यापैकी कूलर लावून लोक तो साडेचारच्या आसपास वर्षानुवर्षे चालवत. आज तसं राहिलेलं नाही. टर्बोच्या नावाखाली प्रोसेसर स्वतःच तापमान, वीज आणि कामाचा भार बघून शेवटच्या टोकापर्यंत धावतो. पूर्वी जी शिलकी ताकद मालकाला बायोसमध्ये जाऊन काढावी लागायची, ती आता कारखान्यातूनच वापरून टाकलेली असते. म्हणून जुन्या आठवणींवर विसंबून आजच्या चिपला तीनचारशे मेगाहर्ट्झ चढवणाऱ्याच्या पदरी निळी स्क्रीन जास्त आणि फ्रेम कमी पडतात. त्यातही ४के वर खेळणाऱ्याचा वेग बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डावर अडलेला असतो. तिथे प्रोसेसर वाढवून हाती लागतं ते जवळपास शून्य.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. मशीन कसं पडलं, हा पहिला पुरावा. तो नीट बघावा लागतो, पण त्यालाच अंतिम मानून चालत नाही.

बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, तर मदरबोर्डला नवा वेग मुळातच झेपलेला नाही किंवा रॅम उठत नाही. अशा वेळी बायोसची आठवण पुसावी लागते. काही बोर्डांवर त्यासाठी बटण असतं, बाकींवर दोन पिना जोडायच्या असतात. तेही जमलं नाही तर वीज पूर्ण तोडून, बोर्डावरचा रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल, सीआर२०३२, थोडा वेळ काढून ठेवायचा. मशीन मूळ वेगावर परत येतं. हा अपघात दिसायला भीतीदायक असला, तरी सगळ्यात निरुपद्रवी हाच, कारण विंडोज सुरूच न झाल्याने डिस्कवर काही चुकीचं लिहिलं गेलेलं नसतं.

निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचं नाव लिहून घ्यावं. ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ म्हणजे एखाद्या कोअरने हाक मारल्यावर वेळेत ओ दिली नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर याचा अर्थ बहुधा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे खुद्द हार्डवेअरनेच आपली चूक नोंदवली आहे. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ दिसलं तर रॅमकडे आधी बघावं, पण आधी म्हणजे फक्त आधीच. मेमरीचा हिशोब करणारी साखळी प्रोसेसरमध्ये चुकली तरी हीच नावं येतात. एकच नाव परत परत येत असेल तर त्याला वजन आहे. दर वेळी निराळं नाव, निराळा ड्रायव्हर, निराळा प्रोग्राम असं चाललं असेल तर ते त्याहूनही बोलकं आहे. सॉफ्टवेअरमधली चूक सहसा एकाच जागी होते. हार्डवेअर डळमळीत असलं की ठिकाण सारखं बदलत राहतं.

निळी स्क्रीनही न येता मशीन फटकन बंद होतं किंवा रिस्टार्ट होतं, तेव्हा लोक विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल खुणेची नोंद असते. नावात पॉवर आहे म्हणून कित्येक जण नवा एसएमपीएस घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं याबद्दल ती बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. वीज खरोखर तुटली असेल, चिप हद्दीबाहेर तापल्याने स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाली असेल, किंवा व्होल्टेज इतकं घसरलं असेल की निळी स्क्रीन रंगवायचंही त्राण उरलं नाही. त्यापेक्षा त्याच यादीत ‘व्हिया-लॉगर’च्या नावाने पिवळ्या खुणेच्या नोंदी आहेत का ते बघावं. चूक झाली, पण ती जागच्या जागी सुधारून घेतली, असं त्या सांगतात. मशीन वरकरणी झकास चालू असतं आणि मागे अशा नोंदींचा ढीग साचत असतो. ज्याने या वेळेवर पाहिल्या, त्याचा पुढचा अपघात टळण्याची बरीच शक्यता असते.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मशीन ठणठणीत, फक्त एकच गेम मध्येच मिटून डेस्कटॉप दिसतो. माणूस साहजिकच म्हणतो, बाकी सगळं चालतंय, म्हणजे गेमच खराब. २०२४ मध्ये हजारोंनी हेच म्हटलं होतं.

पुरावे गोळा झाल्यावर करायचं पहिलं काम कुणालाच आवडत नाही. बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ सेटिंगवर आणायचं. सगळं म्हणजे प्रोसेसरचा गुणक, व्होल्टेज, रॅमला डब्यावरचा वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, आणि विंडोजमधून ग्राफिक्स कार्डाला चढवलेला वेगही. मग तोच गेम, त्याच जागी, चारपाच संध्याकाळी खेळून बघायचा. तरीही मशीन पडलं तर ओव्हरक्लॉकिंग निर्दोष सुटलं असं लगेच म्हणता येत नाही, पण शोधाची दिशा बदलते. ड्रायव्हर, एसएमपीएस, रॅमची खराब काडी, थकलेली डिस्क असे संशयित पुढे येतात. मूळ सेटिंगवर मशीन शांत राहिलं तर गुन्हेगार घरातलाच आहे, आणि आता त्याला एकेक करून पकडायचं.

एकेक हाच कळीचा शब्द. पहिल्या दिवशी फक्त रॅमचं प्रोफाइल चालू करायचं. पुष्कळांना वाटतं की रॅमच्या डब्यावरच ६००० लिहिलंय, मग ते ओव्हरक्लॉकिंग कसं? पण डीडीआर५ बाजारात आली ती ४८०० च्या वेगाने आणि एक्सएमपीने गाठलेला वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा असला, तर मेमरी कंट्रोलरसाठी ते ओव्हरक्लॉकिंगच ठरतं. रॅमची काडी उत्तम असली तरी हा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि तो प्रत्येक नगात थोडा वेगळा निघतो. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवायचं. सकाळी एकही चूक दिसली तरी प्रोफाइल नापास. ‘फक्त एकच आहे’ ही सवलत इथे नाही. त्या एका चुकीच्या बिटचा पत्ता उद्या कुणाच्या फोटोत असेल ते सांगता येत नाही.

रॅम पास झाली की प्रोसेसरचा नंबर. सगळ्यात उंच आकडा गाठून खाली येण्यापेक्षा खालून एकेक पायरी चढणं बरं. गुणकाची एक पायरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक पायरीला वहीत चार गोष्टी लिहायच्या: गुणक, व्होल्टेज, भार असतानाचं सर्वांत जास्त तापमान आणि चाचणीचा निकाल. वहीचा हा सल्ला किरकोळ वाटेल, पण रात्री दीड वाजता पाचव्यांदा बायोसमध्ये शिरलेल्या माणसाला आधीच्या चार वेळा काय बदललं होतं ते आठवत नाही, आणि मग तो एकदम तीन गोष्टी बदलतो. तिथून पुढे मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही.

चाचणीसाठी जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या साधनांपैकी एक मुळात गणितासाठी बनलं होतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा एक सामूहिक उपक्रम सुरू केला. त्याचा प्रोग्राम म्हणजे प्राइम९५. कोट्यवधी आकडी गुणाकार महिनोन्‌महिने करायचे, त्यात एक अंकही चुकला तर सगळी मेहनत वाया. म्हणून प्रोग्राम पावलोपावली स्वतःचा हिशोब ताडून पाहतो. पूर्णांक यायला हवा तिथे मोठा अपूर्णांक उरला की राउंडिंगची चूक जाहीर करून थांबतो. मशीन न पडताही प्रोसेसर चुकतोय हे पकडण्याची ही युक्ती हौशी लोकांनी उचलली. त्याचं वजन एवढं, की २०१६ च्या जानेवारीत या उपक्रमातल्या मंडळींच्या तक्रारीवरून इंटेलने आपल्या स्कायलेक प्रोसेसरमधला खराखुरा दोष मान्य केला आणि बायोसमधून दुरुस्ती पाठवली. त्या चिप ओव्हरक्लॉक केलेल्या नव्हत्या. ठरावीक लांबीचे गुणाकार दिले की त्या गोठायच्या, एवढंच.

तरी एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये. प्राइम९५ मधले छोट्या आकाराचे गुणाकार प्रोसेसरला भट्टीसारखं तापवतात, पण रॅमला फारसा हात लावत नाहीत. ‘ब्लेंड’ प्रकारात रॅमही येते. गेमचा भार याहून निराळा. तो धक्क्याधक्क्याने येतो. क्षणात बारा कोअर जागे होतात, क्षणात दोनच उरतात. असा भार पडला की व्होल्टेज खाली झुकतं. बायोसमध्ये १.३० ठेवलेलं असेल तर प्रत्यक्ष भाराखाली १.२२ दिसणं यात नवल नाही. हे झुकणं भरून काढायला लोडलाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. ती सर्वांत कडक पातळीवर नेण्याचा मोह होतो, पण मग भार एकदम उतरताना व्होल्टेज वर उसळी मारतं आणि ती उसळी साध्या मॉनिटरिंग प्रोग्रामला पकडता येत नाही. मधली पातळी ठेवून मूळ व्होल्टेजच किंचित वाढवलेलं जास्त सुरक्षित.

एएमडीच्या रायझनवाल्यांचा एक प्रश्न याच्या अगदी उलट आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. मशीन सहा तास भट्टीची चाचणी पास होतं, गेमही रात्रभर चालतो, आणि पहाटे नुसतं यूट्यूब उघडून ठेवलेलं असताना आपोआप रिस्टार्ट होतं. काम नसताना कसं पडलं? रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिने प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करता येतं. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून टर्बोला वाव जास्त. लोक सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० देऊन मोकळे होतात. सगळे कोअर राबत असताना वेग मुळातच थोडा खाली असतो, तिथे हे व्होल्टेज पुरतं. हलक्या कामात मात्र एकच कोअर सर्वोच्च वेगावर झेपावतो आणि नेमकं तेव्हा ते तोकडं पडतं. म्हणूनच एकेका कोअरवर वेगवेगळा भार टाकणारी कोअरसायकलर सारखी चाचणी लागते. तिच्यातून कळतं की सात कोअर बिनतक्रार आहेत आणि आठवा, बहुधा सगळ्यात वेगवान असलेलाच, उणे १० च्या खाली यायला तयार नाही. त्या एकालाच सूट दिली की पहाटेचे रिस्टार्ट थांबतात.

तापमानाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या वाचकाने एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी. परदेशी चाचण्यांमधले कूलरचे आकडे साधारण २१ ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकीच चिप वर सरकते. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि पत्र्याखालच्या खोलीत ३८-४० असतील, तर डिसेंबरात ८२ अंशांवर स्थिर दिसलेला प्रोसेसर शंभरीच्या घरात जातो. इंटेलच्या १३९००के, १४९००के च्या वर्गातल्या बहुतेक चिपची मर्यादा १०० अंश, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचल्यावर चिप आधी स्वतःचा वेग उतरवते. गेम अडखळतो, फ्रेम गळतात. पण त्याही आधी, मर्यादेच्या पाचदहा अंश खाली, हिवाळ्यात जेमतेम पुरलेलं व्होल्टेज अपुरं पडून मशीन कोसळू शकतं. एप्रिलमध्ये अचानक सुरू झालेल्या क्रॅशचं कारण कित्येकदा नुकत्याच आलेल्या विंडोज अपडेटमध्ये नसून खिडकीबाहेरच्या उन्हात असतं. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ काढणं, दोन वर्षांची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं आणि उन्हाळ्यासाठी एक पायरी खालची वेगळी प्रोफाइल बायोसमध्ये साठवून ठेवणं, एवढ्याने पुष्कळांचा मे सुखाचा जाईल.

बायोसमधल्या ‘ऑटो’ या शब्दाबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवं. माणूस वेग स्वतः ठरवतो आणि व्होल्टेज ऑटोवर सोडतो, कारण तेच सुरक्षित वाटतं. ऑटो म्हणजे मदरबोर्ड कंपनीचा अंदाज, आणि मशीन पडू नये म्हणून तो अंदाज सढळ असतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची उदाहरणं समोर आली. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड मेमरी कंट्रोलरला मिळणारं एसओसी व्होल्टेज फार वर नेत होते. एएमडीने नंतर बायोस अपडेटमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या बाजूलाही अनेक बोर्डांनी कारखान्यातूनच वीजमर्यादा जवळजवळ उठवून ठेवलेली होती. १४९००के साठी इंटेलचा आकडा २५३ वॅट, आणि बायोसमध्ये लिहिलेला आकडा ४०९६. मालकाने कशालाही हात लावलेला नसताना मशीन मर्यादेबाहेर पळत होतं. चेन यांच्या हकिगतीतलं ते गिऱ्हाईक आणि हा मालक यांच्यात जवळजवळ वीस वर्षांचं अंतर आहे, पण दोघांची अवस्था एकच. ‘मी ओव्हरक्लॉक केलेलं नाही’ हे दोघांचं म्हणणं प्रामाणिक, आणि दोघांचंही मशीन तरी कडेवर उभं.

सुरुवातीला सांगितलेल्या इंटेलच्या प्रकरणात मात्र आणखी एक थर निघाला. जुलै २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होता. पुढे त्या बिघाडाला ‘व्हीमिन शिफ्ट’ असं नाव दिलं. एखाद्या वेगासाठी चिपला लागणारं किमान व्होल्टेज झिजेमुळे हळूहळू वर सरकतं, आणि विकत घेताना पुरणारं व्होल्टेज वर्षाने पुरेनासं होतं. ऑगस्टमधल्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला आणि कंपनीने अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच झिजली होती ती अपडेटने बरी होत नाही. जास्त व्होल्टेजवर वर्षानुवर्षे चालवलेल्या कुठल्याही ओव्हरक्लॉक केलेल्या चिपला हेच लागू आहे. तीन वर्षं बिनघोर चाललेलं सेटिंग एके दिवशी डळमळू लागलं, तर त्यात व्होल्टेज आणखी ओतणं म्हणजे झीज वाढवणं. एकदोन पायऱ्या वेग उतरवणं हाच त्यावरचा इलाज.

एवढं सगळं करायचं ते काही फ्रेमसाठी कशाला, असं कुणी विचारेल. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत निदान तीस दिवस प्रोसेसर राबलेल्या मशीनांपैकी १९० मध्ये एक प्रोसेसरच्या बाजूच्या बिघाडाने कोसळलं होतं. पण जे एकदा कोसळलं, ते पुन्हा कोसळण्याची शक्यता साधारण ३.३ मध्ये एक इतकी होती. ओव्हरक्लॉक केलेली मशीन जास्त पडत होती आणि ठरल्यापेक्षा कमी वेगाने चालवलेली स्पष्टपणे जास्त भरवशाची निघाली. ‘एकदाच झालं, पुन्हा नाही होणार’ असं म्हणून पहिली निळी स्क्रीन विसरून जाणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच मशीनवर गेमच्या शेजारी कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात, दुकानाचा हिशोब असतो.

म्हणूनच मशीन स्थिर झाल्यावर एक काम उरतं, आणि बहुतेक जण ते विसरतात. ज्या आठवड्यांत प्रोसेसर किंवा रॅम चुकत होती, त्या काळात डिस्कवर जे लिहिलं गेलं ते चुकीचं असू शकतं. तेव्हा उतरवलेला गेम, तेव्हा झालेलं विंडोज अपडेट, तेव्हा उलगडलेली झिप फाइल. सेटिंग अगदी योग्य केल्यावरही तोच गेम त्याच जागी पडत राहिला, तर माणूस पुन्हा बायोसकडे धावतो आणि बरी झालेली गोष्ट परत बिघडवतो. त्याआधी स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करून फाइल्स तपासून घ्याव्यात. विंडोजच्या फाइल्ससाठी कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवावी. शंभर जीबीच्या गेममधली एखादीच फाइल बिघडलेली निघते, स्टीम तेवढीच पुन्हा उतरवतो. त्या काळात कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो मात्र एकेक उघडूनच बघावे लागतात, आणि मूळ मेमरी कार्ड अजून पुसलेलं नसेल तर ते तसंच जपून ठेवावं.